सगळी नाटके कोणी पाहिली? डायव्हिंग स्थळांच्या वाचक-मतदानावर किती विसंबावे

फोंड्याच्या एका शिक्षिकेचा प्रश्न असा आहे. गेल्या मोसमात त्यांनी ग्रँड आयलंडच्या पाण्यात ओपन वॉटरचा, म्हणजे टाकी लावून पाण्याखाली उतरण्याचा पहिला, कोर्स पूर्ण केला. लॉगबुकात आतापर्यंत ११ बुड्या नोंदल्या आहेत आणि येत्या मे महिन्याच्या सुटीत साठवलेल्या पैशांतून त्यांना एक मोठी सफर करायची आहे. त्यासाठी वाचकांच्या मतांवर ठरलेल्या ‘जगातील सर्वोत्तम स्कूबा स्थळां’च्या दोन याद्या त्यांनी शेजारी शेजारी ठेवल्या, तर पहिल्या दहांतली जेमतेम तीन नावे जुळली. यांतली खरी यादी कोणती, असल्या क्रमवारीच्या भरवशावर पैसे घालावेत का, आणि गोव्याचे नाव एकीतही का नाही, असे त्यांनी विचारले आहे.

बाई, दोन्ही याद्या प्रामाणिक असू शकतात आणि तरीही दोन्ही तुमच्या उपयोगाच्या नसू शकतात. आपल्याकडे कला अकादमीच्या मराठी नाट्यस्पर्धेत परीक्षक प्रत्येक प्रयोगाला हजर असतात. त्यांच्या आवडीनिवडींवर दरवर्षी वाद होतात, पण पहिला क्रमांक देताना सगळे प्रयोग त्यांच्या डोळ्यांसमोर असतात एवढे तरी मान्य करावे लागते. आता परीक्षक काढून टाकले आणि प्रेक्षकांची मते मोजली, तर डिचोलीचा माणूस डिचोलीच्या नाटकाला मत देईल आणि काणकोणचा काणकोणच्या. त्यात लबाडी कोणाचीच नसेल, त्याने पाहिलेलेच तेवढे असेल. वाचक-मतदानातून निघणारी डायव्हिंग स्थळांची क्रमवारी ही अशी प्रेक्षकांनी लावलेली क्रमवारी आहे. वास्कोच्या बाजूने मी एकोणीस मोसम पाहुण्यांना पाण्यात उतरवतो आहे आणि त्यांच्यात जगभर फिरलेले पुष्कळ डायव्हर असतात. तरी यादीतली वीस स्थळे स्वतः पाहून मग मत दिले, असे सांगणारा एकही मला भेटलेला नाही. बहुतेकांनी चार-पाच पाहिलेली असतात आणि त्यांतले एक त्यांना सर्वांत आवडलेले असते.

तुमच्या दोन याद्या जुळत नाहीत याचे मुख्य कारण हेच आहे. अमेरिकी मासिकाच्या वाचकाला कॅरिबियन समुद्र जवळ पडतो, त्यामुळे बोनेअर, कोझुमेल, केमन बेटे ही नावे तिथे वर असतात. ब्रिटिश वाचक आठवड्याच्या रजेत इजिप्तच्या तांबड्या समुद्रावर किंवा माल्टाला जाऊन येतो, म्हणून त्याच्या यादीत ती नावे चढलेली दिसतात. ही सारी स्थळे उत्तम आहेत याबद्दल वाद नाही. पण त्यांच्या क्रमांकात समुद्राच्या गुणांइतकाच विमानाच्या तिकिटाचा, सुटीच्या दिवसांचा आणि वाचकाच्या पासपोर्टाचा वाटा आहे. लक्षद्वीपचे कडमत किंवा बंगाराम त्या याद्यांत नसते, कारण तिथे जायला परवाना लागतो आणि मतदान करणाऱ्यांपैकी फारच थोडे तिथे पोहोचलेले असतात. मत न मिळणे आणि नापसंत होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, पण यादीत दोन्ही सारख्याच दिसतात.

इथे माझाही एक दोष कबूल करतो. काही वर्षांपूर्वी अशाच एका मतदानाचा अर्ज माझ्याकडे आला होता. पन्नासेक स्थळांची नावे, प्रत्येकापुढे पाचपर्यंत गुण, आणि भाग घेणाऱ्यांतून एकाला सोडतीत कॅमेरा. अर्ज पूर्ण भरल्याशिवाय सोडतीत नाव जाणार नव्हते. मी स्वतः पाहिलेली स्थळे नऊ होती. उरलेल्यांना मी ऐकीव माहितीवर गुण दिले आणि ते अर्थातच चांगले दिले, कारण आपण ज्यांच्याविषयी वारंवार ऐकतो ती नावे आधीपासूनच प्रसिद्ध असतात. प्रसिद्धीला गुण आणि गुणांमुळे पुन्हा प्रसिद्धी, असे ते रहाट चालते. कॅमेरा मला लागला नाही, हे सांगायला नको.

यादी वाचताना पहिली गोष्ट पाहावी ती ही, की मते मोजली आहेत की गुणांची सरासरी काढली आहे. मते मोजली तर गर्दीची स्थळे वर येतात. थायलंडच्या को ताओवर दरवर्षी असंख्य नवशिके पहिला कोर्स करतात, त्यामुळे त्याला मत देणारे हजारोंनी असणार. सरासरी काढली तर उलट घडते आणि अवघड, महागडी स्थळे वर येतात. कोस्टा रिकाचे कोकोस बेट मुख्य किनाऱ्यापासून ५०० किलोमीटरहून अधिक दूर आहे. बोटीने जायलाच दीड दिवसाच्या आसपास लागतो आणि मुक्कामही बोटीवरच करावा लागतो. तिथे जाणारा मनुष्य शेकडो बुड्या झालेला, प्रवाहाला न घाबरणारा आणि हॅमरहेड शार्कांचे थवे पाहायचेच या हट्टाने निघालेला असतो. त्याने पाचांपैकी पाच दिले यात नवल नाही. त्याने चार-पाच लाख रुपये आणि दोन आठवड्यांची रजाही घातलेली असते, आणि इतके करून आल्यावर ‘ठीक होते’ असे म्हणायला मोठे मन लागते. ही सरासरी कोकोस बेटाच्या पाण्याविषयी जेवढे सांगते, तेवढेच तिथे कोण जाऊ शकतो याविषयीही सांगते.

दुसरी गोष्ट आकड्यांची आहे. समजा, दोन स्थळांना प्रत्येकी १०० वाचकांनी गुण दिले. एकाची सरासरी ४.६ आली, दुसऱ्याची ४.५, आणि वाचकावाचकांच्या गुणांतले प्रमाण विचलन, म्हणजे गुण सरासरीपासून किती विखुरले आहेत याचे माप, साधारण ०.९ आहे. मग प्रत्येक सरासरी निव्वळ योगायोगाने सुमारे ०.१८ इतकी वर किंवा खाली सरकू शकते. म्हणजे त्यांच्यातला दशांशाचा फरक काहीच सिद्ध करत नाही, आणि तरी छापताना एक चौथ्या क्रमांकावर बसतो आणि दुसरा नवव्या. ही अनिश्चितता निम्म्यावर आणायची तर चौपट, म्हणजे ४०० मते लागतात. छोट्या स्थळांना इतकी मते मिळतच नाहीत. ज्या यादीत मतांची संख्या आणि किमान मतांची अट छापलेली नसते, तिचे पहिले पंधरा क्रमांक मी एकाच ओळीत उभे असल्यासारखे वाचतो. मते वाढल्याने योगायोगाची चूक कमी होते, पण मतदारच एका गोटातले असतील तर त्यातून येणारी चूक दहा लाख मतांनीही जात नाही.

मात्र मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो मुद्दा अपेक्षेचा आहे. आमच्या ग्रँडजवळ ‘सूझीज रेक’ नावाने ओळखले जाणारे बुडालेले जहाज आहे. ते उथळ पाण्यात आहे, त्यावर मऊ प्रवाळ, फटींतून डोकावणारे मासे आणि क्वचित एखादी मोरे ईल दिसते. दृश्यमानता चांगल्या दिवशी सात-आठ मीटर, वाईट दिवशी तीन. एका डिसेंबरात माझ्या बोटीवर नागपूरचे एक बँक कर्मचारी होते, ज्यांनी त्यापूर्वी समुद्रात गुडघ्याच्या वर पाऊल टाकले नव्हते, आणि मालदीवहून दोनच आठवड्यांपूर्वी परतलेले पुण्याचे एक जोडपे होते. तिघेही एकाच जागी, एकाच वेळी, एकाच खोलीवर होते. नागपूरकरांनी वर आल्यावर मास्क काढला तेव्हा ते रडत होते. पाण्याखाली पहिला श्वास घेता येतो याचेच माणसाला इतके नवल वाटते, की समोर मासा असला काय नि नसला काय. पुण्याचे गृहस्थ शांतपणे म्हणाले, ‘हिरवे पाणी आहे, पाठीमागचा माणूस दिसत नाही.’ पहिल्यांनी पाच तारे दिले, दुसऱ्यांनी दोन. दोघेही खरे बोलले. पण त्यांची सरासरी, साडेतीन तारे, हा अनुभव त्या बोटीवर कोणालाच आलेला नव्हता.

मतदानाच्या अर्जावर मतदाराच्या किती बुड्या झाल्या आहेत, यापूर्वी तो कुठे गेला होता, कोणत्या महिन्यात गेला होता, हे क्वचितच विचारतात, आणि विचारले तरी क्रमवारीत ते दिसत नाही. महिन्याचे तर विशेष. मालदीवमध्ये मान्सूनची दिशा बदलली की प्रवाह उलटतात आणि मँटा रे हे पंखांसारखे पसरट, मोठे मासे अटोलच्या, म्हणजे प्रवाळ बेटांच्या कड्याच्या, एका अंगाकडून दुसऱ्या अंगाकडे जातात. जानेवारीत जिथे रांग लागलेली असते तिथे ऑगस्टमध्ये रिकामे पाणी मिळू शकते. हनिफारू हा मँटांसाठी जगप्रसिद्ध असलेला उपसागर, पण तिथे २०१२ पासून टाकी लावून बुडी मारायलाच बंदी आहे, फक्त स्नॉर्केलिंग करता येते. ‘मालदीव, क्रमांक अमुक’ या एका ओळीत हे कुठेच मावत नाही.

काळाचाही असाच घोळ आहे. यंदाच्या मतदानात मत देणारा वाचक यंदाच्या समुद्राला मत देत नाही, त्याच्या आठवणीतल्या समुद्राला देतो. १९९८, २०१० आणि २०१६ या वर्षांत लक्षद्वीपपासून अंदमानपर्यंत प्रवाळ मोठ्या प्रमाणावर पांढरे पडले. एप्रिल २०२४ मध्ये सागर आणि हवामानाचा अभ्यास करणाऱ्या अमेरिकेच्या नोआ या सरकारी संस्थेने प्रवाळ पांढरे पडण्याची चौथी जागतिक घटना सुरू असल्याचे जाहीर केले. बोनेअरमध्ये २०२३ साली कठीण प्रवाळांच्या पेशी नष्ट करणारा रोग पोहोचला. ज्याने २०१२ साली तिथे मधुचंद्र केला त्याच्या मतात यातले काही येणार नाही, आणि येऊ नये असे त्यालाही वाटत असणार. नाव एकदा वर चढले की ते पाण्याची अवस्था बिघडल्यावरही कितीतरी वर्षे वर राहते. उलट दिशेनेही हे चालते. वर चढलेल्या नावाकडे गर्दी वळते आणि गर्दीच त्या जागेला खाते. थायलंडने को ताचाई हे बेट पर्यटकांच्या भाराने खचते आहे म्हणून २०१६ मध्ये बंद केले.

आता लबाडीकडे येतो, आणि तिच्यावर फार वेळ घालवत नाही, कारण माझ्या मते प्रामाणिक मतांची चूक लबाड मतांपेक्षा मोठी असते. ताजमहाल जिच्यात निवडला गेला ती मतदानाची स्पर्धा अनेकांना आठवेल. ७ जुलै २००७ रोजी लिस्बनमध्ये ‘नवी सात आश्चर्ये’ जाहीर झाली. आयोजकांच्या म्हणण्याप्रमाणे १० कोटींहून अधिक मते पडली होती, आपल्याकडेही मोबाइलवरून मते देण्याची लाट आली होती, आणि एकच मनुष्य पुन्हा पुन्हा मत देऊ शकत होता. युनेस्कोने तेव्हाच स्पष्ट केले होते की हा खाजगी उपक्रम आहे आणि त्यातून इंटरनेट हाताशी असलेल्यांचेच मत व्यक्त होते. नैसर्गिक आश्चर्यांच्या पुढच्या फेरीतून तर खुद्द मालदीवने २०११ मध्ये वाढत्या खर्चाचे कारण देऊन माघार घेतली. डायव्हिंगच्या जगात हे एवढ्या थाटात होत नाही, पण रिसॉर्ट आपल्या जुन्या पाहुण्यांना ‘आम्हाला मत द्या’ असे पत्र पाठवते आणि ज्याच्याकडे पत्त्यांची यादी मोठी त्याचा क्रमांक वर जातो. ते रिसॉर्ट त्याच मासिकात जाहिरातही देत असेल, तर संपादकाने मतांना हात लावला नसला तरी छापील यादीत कोणती स्थळे मुळात धरायची हे कोणीतरी ठरवलेलेच असते.

गोव्यात हा प्रकार अधिक घरगुती आहे. एका जेट्टीवर मी हे डोळ्यांनी पाहिले आहे. बोटीवरून उतरलेल्या पाहुण्यांना सांगत होते की पाण्याखालचा व्हिडिओ हवा असेल तर आधी इथेच उभे राहून पाच तारे द्या. ओल्या कपड्यांतली, भुकेलेली माणसे व्हिडिओसाठी काय वाटेल ते लिहितात. त्यांतल्या निम्म्यांची बुडी म्हणजे बोटीच्या शिडीजवळ, प्रशिक्षकाने टाकीला धरून ठेवलेले असताना, काढलेली काही मिनिटे असते. भारतीय मानक ब्यूरोने २०२२ च्या नोव्हेंबरात ग्राहकांची ऑनलाइन परीक्षणे कशी गोळा करावीत, तपासावीत आणि प्रसिद्ध करावीत याचे आयएस १९००० हे मानक आणले, पण ते ऐच्छिक स्वरूपात आले आणि जेट्टीवर त्याचे नाव मी कधी ऐकलेले नाही.

मग हौशी डायव्हरच्या शब्दाला किंमतच नाही का? तसे मुळीच नाही. अमेरिकेत १९९० साली स्थापन झालेली रीफ एन्व्हायर्नमेंटल एज्युकेशन फाउंडेशन ही संस्था हौशी डायव्हरांकडूनच माशांच्या नोंदी घेते. डायव्हरने बुडीत ओळखलेली प्रत्येक जात लिहायची आणि तिच्यापुढे चारांपैकी एक खूण करायची : एकच मासा, २ ते १०, ११ ते १००, किंवा १०० हून अधिक. ‘आवडले का’ असे कोणी विचारत नाही. रीफ चेक या उपक्रमात १९९७ पासून प्रशिक्षित स्वयंसेवक ठरलेल्या लांबीची फीत अंथरून तिच्या दोन्ही बाजूंचे ठरावीक प्राणी मोजतात. डायव्हर तेच, सुटीही तीच, पण या नोंदींचा शास्त्रज्ञ वर्षानुवर्षे उपयोग करतात. मोजता येईल असे काही विचारले तर हौशी माणूस चांगली साक्ष देतो. ‘जगात सर्वोत्तम कोणते’ असे विचारले तर तो स्वतःविषयी सांगतो, आणि त्याला दुसरे काही सांगता येण्यासारखेही नसते.

म्हणून मी याद्या फेकून देत नाही. एकूण क्रमांकाचे पान उलटून पोटविभागांचे पान उघडतो. ‘बुडालेली जहाजे’, ‘बारीक प्राणी’, ‘किनाऱ्यावरून बुडी’, ‘मोठे प्राणी’ असे विभाग असतील तर प्रश्न नेमका होतो आणि उत्तरही बरेच नेमके येते. किनाऱ्यावरून बुडी मारण्यासाठी बोनेअरचे नाव वर्षानुवर्षे वर येते ते उगाच नव्हे. तिथे रस्त्याच्या कडेला पिवळे दगड रंगवून ठेवले आहेत, गाडी लावायची, टाकी चढवायची आणि पाण्यात शिरायचे. आणखी एक उपयोग आहे तो घसरणीचा. पाच-सहा वर्षे एकाच मासिकाच्या, एकाच पद्धतीने काढलेल्या यादीत एखादे स्थळ सतत खाली येत असेल, तर मी कान टवकारतो. मतदारांचा गोट तोच असताना मत बदलले, याचा अर्थ तिथे खरोखर काहीतरी बदललेले असण्याचा संभव मोठा असतो.

गोव्याच्या नावाचे उत्तर आता तुम्हालाच देता येईल. मांडवी आणि जुवारी यांनी आणलेला गाळ ग्रँडच्या पाण्यात असतो, जून ते सप्टेंबर समुद्र बंदच असतो, आणि निवळ पाण्याच्या शर्यतीत आम्ही शेवटून पहिले येऊ. ते मला मान्य आहे. पण यादीत नाव नसण्याचे कारण त्याहून साधे आहे. इथे पाण्यात उतरणाऱ्यांपैकी बहुतेक जण आयुष्यातली एकच बुडी मारतात आणि डायव्हिंगचे मासिक कधी हातात धरत नाहीत. मालवणचेही तसेच. आम्ही स्वतः विद्यार्थ्यांना पुढच्या कोर्ससाठी मुर्डेश्वरहून नेत्राणीला नेतो, तिथले पाणी आमच्यापेक्षा बरेच निवळ आहे, आणि तेही जगाच्या याद्यांत नाही.

राहता राहिला तुमचा मे महिना. तुमच्या एका यादीत पहिला क्रमांक इंडोनेशियातल्या राजा अंपातचा आहे. माशांच्या आणि प्रवाळांच्या जातींचा विचार केला तर त्यावर बोट ठेवायला जागा नाही, कारण ते ज्या प्रवाळ त्रिकोणात येते तिथे जगातील ज्ञात प्रवाळ-जातींपैकी सुमारे तीन-चतुर्थांश सापडतात. पण त्याचा चांगला मोसम साधारण ऑक्टोबर ते एप्रिल, प्रवाह जोरदार, आणि तुमच्या बुड्या ११. तो क्रमांक तुमच्यासाठी लावलेला नाही. अंदमानला जायचे तर मेच्या पहिल्या पंधरवड्यात जाऊन या, कारण तिथे मान्सून बहुधा तिसऱ्या आठवड्यात येऊन पोहोचतो. देशाबाहेरच जायचे असेल तर मी बालीतले तुलांबेन सुचवतो. जानेवारी १९४२ मध्ये जपानी पाणबुडीच्या टॉर्पेडोने जायबंदी झालेले अमेरिकी मालवाहू जहाज ‘लिबर्टी’ तिथल्या किनाऱ्याला लावले होते, आणि १९६३ च्या आगुंग ज्वालामुखीच्या उद्रेकात ते पाण्यात ढकलले गेले. आज ते पाच-सहा मीटरपासून तीसेक मीटरपर्यंत उतरत गेलेले आहे. किनाऱ्यावरून चालत जाता येते, मेमध्ये तिथे कोरडा मोसम असतो, आणि तुमच्या १८ मीटरच्या मर्यादेत त्याचा मोठा भाग पाहून होतो.

तिथल्या डायव्हिंग दुकानाला पैसे भरण्यापूर्वी तीन गोष्टी लेखी विचारा : एका मार्गदर्शकामागे किती माणसे, गेल्या मेमध्ये दृश्यमानता किती होती, आणि बोटीवर किंवा किनाऱ्यावर ऑक्सिजन असतो का. जो दुकानदार दृश्यमानतेचे उत्तर ‘उत्कृष्ट’ असे देईल त्याला सोडून द्या, जो मीटरमध्ये देईल त्याच्याशी पुढे बोला. आणि एप्रिलमध्ये एखाद्या रविवारी ग्रँडला येऊन जा. तुमचे तरंगणे अजून डगमगते, हे मला गेल्या मोसमातले आठवते आहे, आणि ‘लिबर्टी’वरचे प्रवाळ गुडघे टेकण्यासाठी नाहीत.